मी उंच आहे की बुटकी?

समुपदेशक म्हणून काम करताना गेल्या काही वर्षांत एक प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, समोरच्या बाई खुर्चीत नीट टेकण्याआधीच तो माझ्या मनात उमटतो : "मॅडम, हिचं फार लवकर सुरू झालंय, आता हिची उंची खुंटणार का हो?" मुलगी आठ-नऊ वर्षांची असते, तिसरी-चौथीत शिकत असते, छातीशी नुकताच उंचवटा दिसू लागलेला असतो, आणि पाळी आली की उंची थांबते, हे घरातल्या किंवा शेजारच्या कुणीतरी अगदी ठामपणे सांगितलेले असते. २०२० च्या टाळेबंदीनंतर हा प्रश्न घेऊन येणाऱ्या घरांची संख्या माझ्याकडे वाढली. त्या काळात इटलीतल्या आणि आपल्या पुण्यातल्याही डॉक्टरांनी मुलींच्या लवकर वयात येण्याचे प्रमाण वाढल्याचे नोंदवले होते, त्यामुळे तो माझा भास नव्हता. त्यांपैकी एका घराची गोष्ट मी इथे सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि मुलीला आपण सई म्हणू.

सई तेव्हा नऊ वर्षे दोन महिन्यांची होती. एप्रिलचा महिना, सांगलीचे ऊन, आणि तिने अंगात जाड जॅकेट घालून त्याची चेन गळ्यापर्यंत ओढलेली होती. खांदे पुढे वाकवून, पोक काढून ती बसली होती. वर्गातल्या मुलींमध्ये ती सर्वांत उंच होती, १३६ सेंटिमीटर. आठव्या वाढदिवसानंतर चार महिन्यांनी आईच्या लक्षात पहिला बदल आला होता. तेव्हापासून घरातले दूध, अंडी, चिकन आणि सोयाबीन तिच्यापुरते बंद झाले होते, दाराच्या वरच्या चौकटीला लोंबकळण्यासाठी एक दांडी बसवण्यात आली होती आणि दोरीवरच्या उड्या रोज तीनशे ठरल्या होत्या. एका डॉक्टरांनी "काही काळजी करू नका" एवढेच सांगून त्यांना परत पाठवले होते, आणि त्या एका वाक्यामुळे आईची काळजी दुप्पट झाली होती.

शरीराच्या प्रश्नाला मनाचे उत्तर देऊ नये, हा नियम मी पहिल्यापासून पाळत आले आहे. उंची हा मोजता येणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आकड्यांत मिळत असेल तर ते आधी मिळवावे, आणि त्यानंतरही जी भीती शिल्लक राहील तिच्याशी मग बोलावे. म्हणून पहिल्याच भेटीत मी त्यांना मुलांच्या संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) अभ्यास असलेल्या तज्ज्ञांकडे पाठवले. तिथे सईच्या डाव्या हाताचा, मनगटासह, एक्स-रे काढण्यात आला. हाताच्या लहान लहान हाडांवरून हाडांचे वय ठरवतात, आणि सईच्या हाडांचे वय अकराच्या जवळ आले होते.

हा अहवाल घेऊन आई आली तेव्हा तिचे हात थरथरत होते. अहवालातल्या गोष्टी मी तिच्याशी सावकाश बोलले, आणि त्या इथेही सांगते, कारण निम्मी भीती अर्धवट माहितीतून येते. मुलींमध्ये वयात येण्याची पहिली खूण पाळी ही नसते. छातीची वाढ आधी सुरू होते, आणि पाळी तिच्यानंतर साधारण दोन ते अडीच वर्षांनी येते. उंचीची मोठी उसळी या मधल्या काळातच येते. एरवी वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढणारी मुलगी तेव्हा आठेक सेंटिमीटर वाढते, आणि म्हणूनच लवकर सुरुवात झालेली मुलगी काही काळ वर्गात सर्वांत उंच दिसते. पण ज्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे ही उसळी येते, त्याच इस्ट्रोजेनमुळे हाडांच्या टोकांजवळचे कूर्चेचे पट्टे हळूहळू पक्के होऊन मिटतात, आणि ते मिटले की उंची वाढत नाही. सुरुवात फार लवकर झाली तर वाढीची वर्षे कमी मिळतात, हे खरे आहे. पाळी आली त्या दिवशी उंची थांबते, हे मात्र खरे नाही. पाळीनंतरही मुलगी सरासरी पाच ते सात सेंटिमीटर वाढते.

'लवकर' कशाला म्हणायचे, यालाही वैद्यकात एक रेघ आहे. आठव्या वर्षाच्या आत छातीची वाढ सुरू झाली तर ते अकाली मानले जाते. सईची सुरुवात या रेघेच्या जरा पुढची होती. लवकरची, पण अकाली नव्हे. वडील १६८ सेंटिमीटर आणि आई १४८. दोघांची बेरीज करून त्यातून १३ वजा करायचे आणि त्याचे निम्मे करायचे, हा मुलींसाठीचा ढोबळ हिशेब केला तर १५१.५ येतात, आणि प्रत्यक्ष उंची त्याच्या सात-आठ सेंटिमीटर वर किंवा खाली असू शकते. हाडांचे वय धरूनही तज्ज्ञांचा अंदाज १५० ते १५३ असाच आला. म्हणजे आईबापांच्या उंचीवरून जे अपेक्षित होते, त्याच्याच आसपास सई पोहोचणार होती.

"मग ते पाळी पुढे ढकलायचं इंजेक्शन?" आईने विचारले. हे इंजेक्शन महिन्याने किंवा तीन महिन्यांनी देतात, त्यामुळे वयात येण्याची प्रक्रिया थांबवून धरता येते, आणि औषध बंद केले की ती पुन्हा सुरू होते. पण ते उंची वाढवण्याचे औषध नव्हे. मिटत चाललेल्या पट्ट्यांना ते फक्त वेळ मिळवून देते. त्याचा उंचीसाठी खरा उपयोग सहा वर्षांच्या आत सुरुवात झालेल्या मुलींना होतो, सहा ते आठमध्ये डॉक्टर प्रत्येक मुलीचा स्वतंत्र विचार करतात, आणि आठनंतर सुरुवात झालेल्या मुलीला उंचीच्या दृष्टीने त्यातून फारसे काही मिळत नाही. सईला ते नको, असे तज्ज्ञांनी स्पष्ट लिहून दिले होते.

आकड्यांनी उत्तर मिळाले होते. तरीही पुढच्या आठवड्यात आई पुन्हा तोच प्रश्न घेऊन आली, तेव्हा मला समजले की आता माझे काम सुरू झाले आहे.

त्या दिवशी मी सईशी एकटीशी बोलले. बराच वेळ ती जॅकेटची चेन वरखाली करत राहिली. मग तिने विचारले, "मावशी, एक विचारू? बाई म्हणतात, तू सगळ्यात उंच, तू मागे बस. आई म्हणते, तुझी उंची कमी राहणार. मग मी उंच आहे की बुटकी?" मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "आणि आजी म्हणते मी मोठी झाले, बाबा मला आता गाडीवर पुढे बसू देत नाहीत. पण आई म्हणते वाढ, वाढ, लोंबकळ. मी वाढायचं की नाही वाढायचं?"

इतक्या वर्षांच्या कामात या दुखण्याचे इतके नेमके वर्णन मी कुणा मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलेले नाही. तिच्या शरीराला एकाच वेळी 'फार वाढलीस' आणि 'वाढत नाहीस' असे दोन्ही ऐकवले जात होते, आणि दोन्ही बोलण्यांत चूक तिचीच ठरत होती. मी तिला कागदावर हाडाचे चित्र काढून दाखवले. "तुझी गाडी थोडी लवकर सुटली आहे," मी म्हटले, "म्हणून आत्ता तू पुढे दिसतेस. मैत्रिणींच्या गाड्या नंतर सुटतील आणि त्यांतल्या काही तुझ्या पुढे जातील. गाडी कधी सुटावी, हे तू ठरवलं नव्हतंस." ती बराच वेळ चित्राकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी दूध प्यायले म्हणून नाही?"

दूध तिनेच जास्त प्यायले म्हणून हे झाले, असे ते मूल वर्षभर मनात धरून होते. मुलीच्या ताटातून पदार्थ काढून घेताना तिच्या मनात काय जाते, याचा विचार प्रत्येक घराने करावा, असे मला फार कळकळीने वाटते. दूध किंवा अंडी बंद केल्याने सुरू झालेली प्रक्रिया थांबत नाही. हाडांना कॅल्शियमची सर्वांत जास्त गरज ज्या वर्षांत असते, त्याच वर्षांत ते कमी पडते, एवढेच होते. जादा वजनाचा आणि लवकर वयात येण्याचा संबंध आहे, त्यामुळे बेकरीचे पदार्थ, गोड पेये आणि बसून राहणे कमी करावे. पण ते सगळ्या घराने करावे. लोंबकळून किंवा उंची वाढवणाऱ्या पावडरी खाऊन हाड लांब होत नाही.

आईशी निर्णायक बोलणे झाले ते पाचव्या भेटीत. तिने पर्समधून एक छोटी वही काढली. तीत रोजच्या दोन नोंदी होत्या, सकाळची आणि रात्रीची, निळ्या शाईत, दशांशापर्यंत. ती शिवणाच्या टेपने मोजत असे. एका पानावर रात्रीच्या आकड्याभोवती तिने लाल वर्तुळ केले होते : सकाळी १३६.९, रात्री १३६.१. "बघा मॅडम, कमी होतेय," ती म्हणाली आणि रडू लागली. दिवसभर उभे राहिल्या-चालल्याने पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यामुळे रात्री प्रत्येकाचीच उंची सेंटिमीटरभर कमी भरते आणि झोपेनंतर ती परत येते, हे मी तिला सांगितले. ते तिला पटले, पण रडणे थांबले नाही. मग मी विचारले, "तुमची उंची १४८ आहे. तिच्यामुळे तुमचं काय अडलं?"

ती बराच वेळ गप्प राहिली. माझ्या कामात या शांततेइतके मोलाचे काही नसते, म्हणून मीही बोलले नाही. मग ती सांगू लागली. तासगावकडच्या गावी अकराव्या वर्षी तिला पाळी आली आणि आजी म्हणाली, आता शहाणी झालीस. दुसऱ्या दिवसापासून खो-खो बंद झाला. पुढे बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. एका घरी मुलाच्या आत्याने तिला चहाचा ट्रे खाली ठेवायला लावला, चप्पल काढून मुलाच्या शेजारी उभे राहायला सांगितले, आणि सगळ्यांसमोर तिच्या डोक्यापासून मुलाच्या खांद्यापर्यंत हाताने रेघ मारून दाखवली. ते स्थळ मोडले. "अठरा वर्षं झाली," ती म्हणाली, "अजून तो हात दिसतो."

आणि मग, मी काही विचारले नसताना, ती स्वतःच म्हणाली, "मॅडम, आता रोज दोनदा चप्पल काढून भिंतीशी कोण उभं करतंय तिला? मीच ना?"

हे मी तिला सांगितले असते तर तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा टेप काढली असती. ज्यांच्या विचारांवर माझ्या कामाचा सगळा पाया उभा आहे त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकापासून हेच मांडले की, प्रसंगापेक्षा त्याविषयी आपण मनाशी धरलेला हट्ट आपल्याला अधिक पोळतो. 'माझी मुलगी उंच व्हावी' ही कुठल्याही आईची साधी इच्छा आहे. 'ती उंच झालीच पाहिजे, नाहीतर तिच्या वाट्याला माझेच भोग येतील' हा हट्ट आहे, आणि सईच्या घरातली दांडी, दोरी आणि वही या हट्टातूनच आली होती. तिच्या आईला तो त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी दिसला. त्यानंतरच्या भेटींत आम्ही उंचीविषयी जवळजवळ बोललोच नाही.

बोललो ते 'शहाणी झाली' या शब्दाविषयी. नऊ वर्षांच्या मुलीचे शरीर पुढे गेले तरी तिची समज, तिची भीती आणि तिचा खेळ नऊ वर्षांचाच असतो. अशा मुलीकडून मोठेपणाची अपेक्षा ठेवणे, तिला खेळातून उठवणे किंवा तिचे लाड एकदम थांबवणे हा तिच्यावर अन्याय आहे. सईचे वडील संकोचामुळे दूर झाले होते. मी त्यांना एकच गोष्ट करायला सांगितली, संध्याकाळचे बॅडमिंटन पुन्हा सुरू करा. पाळीविषयी तिला आधीच सांगावे, पॅड हातात घेऊन दाखवावे, दप्तरात एक छोटी पिशवी ठेवावी आणि शाळेतल्या एका बाईंना कल्पना द्यावी, हेही ठरले. आपल्या अंगाला कुणी नको तसा हात लावला तर काय करायचे, हे अशा मुलींना इतरांआधी सांगावे लागते, पण तिचे शरीर हाच धोका आहे असे तिला वाटेल अशा सुरात ते कधीही सांगू नये.

ज्या घरांत हाच प्रश्न आहे त्यांनी पुढच्या गोष्टी असतील तर समुपदेशकाची वाट न पाहता थेट तज्ज्ञांकडे जावे : आठच्या आत छातीची वाढ, दहाच्या आत पाळी, काही महिन्यांतच झपाट्याने होणारे बदल, किंवा सोबत सततची डोकेदुखी वा नजरेची तक्रार. बहुतेक मुलींमध्ये काही कारण सापडत नाही, पण सहाच्या आतल्या मुलींमध्ये मेंदूची तपासणी टाळू नये.

सईला पाळी आली तेव्हा ती दहा वर्षे नऊ महिन्यांची होती. आई एका लग्नाला गेली होती. सईने बाबांना सांगितले, बाबांनी पिशवी कुठे आहे ते विचारले, आणि त्या संध्याकाळी तिच्याच आग्रहावरून दोघे बॅडमिंटन खेळायलाही गेले. तिची उंची तेव्हा १४६ होती. डॉक्टरांकडे आता सहा महिन्यांतून एकदा मोजणी होते, पुढची जूनमध्ये आहे, आणि टेप शिवणाच्या डब्यात परत गेली आहे.