स्ट्रीम: प्रवाह, धारा, ओघ की स्ट्रीमच?

प्रश्न असा आहे: प्रोग्रामिंगच्या मराठी टिपणांत ‘स्ट्रीम’साठी कोणता शब्द वापरावा? कुणी ‘प्रवाह’ लिहितं, कुणी ‘धारा’, कुणी ‘ओघ’. शिवाय मजकूर स्ट्रीममध्ये लिहायचा की स्ट्रीमवर, तो स्ट्रीम की ती स्ट्रीम, आणि ‘फ्लश’ला काय म्हणायचं?

थोडक्यात उत्तर: कल्पना समजावताना ‘प्रवाह’ म्हणावं, कोडमधल्या वस्तूचं नाव घेताना ‘स्ट्रीम’च. पण नाम ठरलं की काम संपलं असं नाही. प्रवाह उघडतो, खोळंबतो, संपतो, त्यातून वाचतात, त्यात लिहितात. ही क्रियापदं आणि त्यांच्याबरोबरच्या विभक्ती चुकल्या, तर नाम कितीही चोख असलं तरी शिकणाऱ्याच्या डोक्यात चुकीचं चित्र उभं राहतं.

स्ट्रीम म्हणजे एकामागोमाग एक येणारे बाइट किंवा चिन्हं. पलीकडच्या टोकाला फाइल आहे, कीबोर्ड आहे की नेटवर्क, याच्याशी वाचणाऱ्या कोडला कर्तव्य नसतं. या कल्पनेला पाण्याची उपमा सुरुवातीपासूनच चिकटलेली आहे. बेल लॅब्जमधले संगणकतज्ज्ञ डग मॅकिलरॉय यांनी १९६४ सालच्या एका टिपणात म्हटलं होतं की प्रोग्राम बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे जोडता यावेत, गरज पडली की नळीचा आणखी एक तुकडा फिरवून बसवावा. १९७३ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘पाइप’, म्हणजे एका प्रोग्रामचा आउटपुट थेट दुसऱ्याला देणारी जोडणी, आला तो याच विचारातून. त्यामुळे मराठीतही पाण्याच्या घरातलाच शब्द घ्यावा. ‘मालिका’ किंवा ‘साखळी’ नको. साखळीची मधली कडी थेट हातात धरता येते, प्रवाहातलं पुढचं पाणी आधी धरता येत नाही.

आता शब्द एकेक करून पाहू. ‘झरा’ आणि ‘ओहोळ’ शब्दकोशात पहिले सापडतात, पण झरा फक्त देतो, त्यात कुणी काही सोडत नाही. लिहिण्याची बाजूच सुटते. ‘ओघ’ मला फार आवडतो, दोनच अक्षरांत सगळं सांगतो. अडचण इतकीच की पाठ्यपुस्तकांतल्या ‘ओघतक्त्या’मुळे तो ‘फ्लो’साठी आधीच रुळला आहे आणि प्रोग्रामिंगमध्ये फ्लो ही वेगळी गोष्ट आहे. ‘धारा’ अखंडपणा छान दाखवते, पण तिच्यात वचनाचा घोळ आहे: ‘धारा’ हे तत्सम एकवचनही आणि मराठी ‘धार’चं अनेकवचनही. ‘दोन्ही धारा बंद करा’ ठीक, पण ‘धारा बंद करा’ म्हटलं तर एक की अनेक? जिथे एक स्ट्रीम बंद करायची राहिली तरी मजकूर गळतो, तिथे हा घोळ परवडत नाही.

उरला ‘प्रवाह’. विद्युतप्रवाह, विचारप्रवाह, मुख्य प्रवाह अशी त्याची वहिवाट मोठी आहे. त्यावर एक आक्षेप हमखास येतो: फाइलच्या स्ट्रीममध्ये मागे जाता येतं, पाणी कुठे मागे जातं? आक्षेप रास्त आहे. पण मागे जाण्याची सोय फाइलमुळे मिळते, स्ट्रीममुळे नव्हे. तेच कोड पाइपला किंवा कीबोर्डला जोडलं की ती सोय जाते आणि मागे जायची सूचना फसते. ‘प्रवाह’ म्हटल्यावर ‘मागे जाता येईलच असं नाही’ हे आधीच ऐकू येतं, आणि हा त्याचा फायदाच आहे.

विभक्तीत तर ‘प्रवाह’ स्पष्टपणे सरस ठरतो. त्याचं सामान्यरूप सहज होतं: प्रवाहातून वाचणे, प्रवाहात लिहिणे, दोन प्रवाहांतून वाचणे (इथे अनुस्वार विसरू नये). ‘स्ट्रीम’चं सामान्यरूप कुणी करत नाही, ‘स्ट्रीमीतून’ कुणी म्हणणार नाही, म्हणून तिथे ‘मधून’ आणि ‘मध्ये’ ही शब्दयोगी अव्ययं लागतात. ‘वर’ मात्र टाळावं. कागदावर लिहितात, फळ्यावर लिहितात. तिथे लिहिलेलं राहतं आणि पुसता येतं. प्रवाहात सोडलेलं पुढे जातं. ‘प्रवाहावर लिहिणे’ म्हटलं की पाण्यावरची रेघ आठवते, आणि शिकणाऱ्याला वाटतं की तिथे काही टिकायला हवं होतं.

लिंगाचं म्हणाल तर बोलण्यात ‘स्ट्रीम’ बहुधा स्त्रीलिंगी येते, ‘फाइल’सारखीच: स्ट्रीम उघडली, स्ट्रीम बंद केली. तसंच ठेवावं. ‘प्रवाह’ पुल्लिंगी. एकाच परिच्छेदात दोन्ही शब्द आले, तर क्रियापद आळीपाळीने ‘उघडली’ आणि ‘उघडला’ होतं आणि वाचणाऱ्याला या दोन वेगळ्या वस्तू वाटतात. तेव्हा निदान एका परिच्छेदात एकच शब्द.

‘फ्लश’वर सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा, कारण या शब्दाने इंग्रजी वाचणाऱ्यांनाही फसवलं आहे. प्रवाहात लिहिलेला मजकूर लगेच फाइलपर्यंत जात नाही. दर अक्षरासाठी ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारणं महाग पडतं, म्हणून तो आधी मेमरीतल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जमतो आणि बफर भरला की एकदम पुढे जातो. न भरताच पुढे पाठवायचा असेल तर फ्लश. याला ‘रिकामे करणे’ म्हटलं की ‘टाकून देणे’ असा अर्थ डोकावतो. ‘निचरा करणे’ म्हटलं तरी नको असलेलं पाणीच डोळ्यांसमोर येतं. याच समजुतीतून सी भाषेत कीबोर्डवरून आलेला उरलेला मजकूर टाकून देण्यासाठी ‘एफफ्लश’ या फ्लश करणाऱ्या फंक्शनला इनपुट प्रवाह देण्याची सवय पसरली. सीच्या प्रमाणकानुसार इनपुट प्रवाहावर ‘एफफ्लश’ केल्यास काय होईल ते निश्चित नाही: एका कंपायलरवर चाललं, दुसऱ्यावर नाही. ‘जतन करणे’ हेही चूक. फ्लशनंतर मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती गेलेला असतो, डिस्कवर उतरलेला असेलच असं नाही. मी ‘पुढे लोटणे’ सुचवेन: ‘बफरमधला मजकूर पुढे लोटा.’ काही फेकलं जात नाही, काही पक्कंही होत नाही, फक्त पुढे जातं. नेमकं तेवढंच घडतं.

हा शब्द धरला की नेहमीचं एक कोडंही सुटतं. प्रोग्राम पडद्यावर ओळी नीट दाखवतो, पण त्याचा आउटपुट फाइलकडे वळवला की बराच वेळ फाइल रिकामी दिसते. सीमध्ये पडद्याला जोडलेला आउटपुट प्रवाह सहसा ओळ संपली की पुढे लोटला जातो. फाइलला जोडलेला मात्र बफर भरेपर्यंत थांबतो. मध्येच प्रोग्राम कोसळला तर बफरमधलं सगळं जातं. डॉटनेटमधल्या ‘स्ट्रीमरायटर’ या मजकूर लिहिणाऱ्या वर्गाचं आणखी अवघड: तो बंद केला नाही, तर प्रोग्राम सुरळीत संपला तरी शेवटचा तुकडा फाइलमध्ये उतरत नाही. मोठ्या फाइलची शेवटची ओळ अर्धवट तुटलेली दिसली की पहिला संशय न केलेल्या ‘क्लोज’वर घ्यावा.

वाचण्याच्या बाजूला मराठीकडे एक सुंदर जोडी आहे: प्रवाह खोळंबला आणि प्रवाह संपला. नेटवर्कवरून पुढचे बाइट अजून आले नाहीत, तर वाचणारं कोड खोळंबून राहतं. मजकूर संपलेला नसतो. संपणं वेगळं, आणि ते कळतं वाचायचा प्रयत्न केल्यावरच. म्हणून सीमध्ये ‘फीऑफ’ (प्रवाह संपल्याची खूण उठली का ते सांगणारं फंक्शन) तपासून मग वाचणारं लूप शेवटची ओळ दोनदा देतं: शेवटची ओळ वाचून झाली तरी प्रवाह संपल्याची खूण अजून उठलेली नसते, पुढचं वाचन फसतं आणि जुनीच ओळ पुन्हा छापली जाते. आधी वाचा, वाचन जमलं का ते पाहा, मग वापरा. पायथनमध्ये ‘रीडलाइन’ रिकाम्या ओळीसाठी निदान ओळबदलाचं चिन्ह देतं आणि प्रवाह संपल्यावर अगदी रिकामी स्ट्रिंग देतं. ‘रिकामी ओळ’ आणि ‘ओळच नाही’ हा फरक लिहिताना पाळलाच पाहिजे.

राहिला मजकूर. ‘टेक्स्ट’साठी ‘मजकूर’च घ्यावा, ‘पाठ्य’ म्हटलं की धडे आठवतात. पण ‘कॅरॅक्टर’ला ‘अक्षर’ म्हणायची चूक करू नये, विशेषतः मराठी मजकूर वाचताना. ‘स्त्री’ हा शब्द घ्या. आपल्या कानाला ते एक अक्षर. युनिकोडमध्ये मात्र स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईची वेलांटी अशी सहा चिन्हं, आणि यूटीएफ-८ मध्ये (चिन्हं बाइटांत मांडायच्या एका पद्धतीत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे अठरा. ‘प्रवाहातून एक अक्षर वाचा’ असं टिपणात लिहिलं आणि जावाच्या ‘रीडर’ने ते केलं, तर हाती नुसता ‘स’ येतो. ‘इनपुटस्ट्रीम’ने केलं तर ‘स’चाही फक्त पहिला बाइट, २२४. म्हणून ‘चिन्ह’ किंवा सरळ ‘कॅरॅक्टर’.

म्हणूनच ‘बाइट-प्रवाह’ आणि ‘मजकूर-प्रवाह’ हे दोन शब्द वेगळे ठेवावेत. समजा बाइट-प्रवाहातून ८,१९२ बाइटांचा एकेक तुकडा घेऊन कोडने प्रत्येकाचा सुटा मजकूर केला. सलग देवनागरी असेल तर २,७३० चिन्हांचे ८,१९० बाइट होतात. पुढच्या चिन्हाचे दोन बाइट या तुकड्यात राहतात आणि तिसरा पुढच्यात जातो. त्या सांध्यावर अक्षराऐवजी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन उमटतो. मोकळ्या जागेला एकच बाइट लागत असल्याने खऱ्या मजकुरात हा सांधा मागेपुढे सरकतो, म्हणून दोष एका फाइलमध्ये दिसतो आणि दुसरीत नाही. नुसत्या इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली तर तो कधीच सापडत नाही. मजकूर-प्रवाह अर्धवट चिन्हाचे बाइट पुढच्या तुकड्यापर्यंत राखून ठेवतो, त्यामुळे तिथे हा सांधा दिसतच नाही. एन्कोडिंग, म्हणजे चिन्हं बाइटांत मांडायची पद्धत, मात्र उघडतानाच नाव घेऊन सांगावं. जावात न सांगितल्यास धरलं जाणारं एन्कोडिंग सर्वत्र यूटीएफ-८ ठरलं ते २०२२ च्या आवृत्ती १८ पासून. त्याआधी ते यंत्रागणिक बदलायचं.

वर्गांची नावं, म्हणजे ‘स्ट्रीमरीडर’, ‘इनपुटस्ट्रीम’, ‘बफर्डरायटर’, भाषांतरित करू नयेत. ‘प्रवाहवाचक’ लिहून कोड चालत नाही, आणि नुसता ‘वाचक’ लिहिला तर माणूस वाटतो. जावा ८ मधली याद्यांवर काम करणारी ‘स्ट्रीम’ ही तर फाइल वाचण्या-लिहिण्याशी संबंध नसलेली निराळीच गोष्ट आहे. तिला ‘प्रवाह’ म्हणायचं झालं तर तिथे पहिल्याच ओळीत तसं सांगून टाकावं.