परसात दाणे ठेवतो तिथे जूनच्या पहिल्या आठवड्यात निळ्या-हिरव्या रंगाचा, आखूड शेपटीचा, डोळ्यावरून जाड काळा पट्टा नि बुडाखाली लाल असलेला पक्षी दिसला. कोणता असेल? तो परत यावा म्हणून काय ठेवू?

नवरंग. डोळ्यावरून गेलेला जाड काळा पट्टा तुम्ही लिहिलाय, जूनचा पहिला आठवडाही लिहिलाय, मग दुसरं कोण असणार? हिवाळा दक्षिण भारतात नि श्रीलंकेत काढून तो पावसाच्या तोंडावर विणीसाठी आपल्याकडे येतो.

पण तो तुमच्या दाण्यांसाठी आला नव्हता. ज्वारी-तांदूळ त्याला नकोच असतात. जमिनीवर टुणटुण उड्या मारत, पाचोळा उलथून तो किडे, गांडुळं, गोगलगायी खातो.

गुहागरला आमच्या घरामागे फणसाखाली पातेऱ्याचा थर असतो. मे महिन्यात दादा मुंबईहून आला की त्याला तो खुपतो. एका वर्षी त्याने गडी लावून सगळं झाडायला घेतलं. पातेरा पेटवायचा आणि परसात पेव्हर ब्लॉक टाकायचे, असा बेत. फणसाखालचं मी हलवू दिलं नाही. कडाक्याचं भांडण झालं, दोन दिवस अबोला. पहिल्या सरींनंतर नवरंग उतरला तो नेमका तिथेच. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ ऐकू यायची. वहिनी मुलांना घेऊन पडवीत हलल्याशिवाय बसून राहायच्या. दादा म्हणाला, योगायोग! योगायोग कसला? झाडलेल्या अर्ध्या परसात तो एकदाही फिरकला नाही. पेव्हरखाली गांडूळ कुठून येणार?

पातेऱ्यात जनावर, म्हणजे साप येतो, हे दादाचं दुसरं म्हणणं. येतो ना. म्हणून दारापुढचं आणि पायवाट साफ ठेवा, झाडाखालचं राहू द्या. जवळ पसरट भांड्यात पाणी ठेवा. फवारणी करू नका, आणि मोबाईलवर त्याची शीळ वाजवून त्याला बोलावू तर मुळीच नका. विणीच्या दिवसांत तो छळच आहे.

फोटो नाही, वर्णनावरूनच सांगतोय. शिवाय एकच दिवस दिसला असेल तर तो वाटेवरचा पाहुणाही असू शकतो, पाचोळा ठेवूनही पुढच्या वर्षी येईलच असं नाही. नवरंग रात्री प्रवास करतो, दमलेला असला की खिडकीच्या काचेवर आपटतो. तसा पडलेला सापडला तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, मांजरापासून लांब ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. सावरला की झाडाखाली सोडा, नाही सावरला तर वनखात्याला कळवा.