चिनी नववर्षात क्वान इमच्या देवळात जरूर जा, फक्त दिवस बघून

ताई, फेब्रुवारी 2027 मध्ये तुमच्या सासूबाई पुण्याहून सिंगापूरला येतायत आणि चिनी नववर्षात त्यांना वॉटर्लू स्ट्रीटवरच्या क्वान इमच्या, म्हणजे चिनी लोकांच्या करुणेच्या देवीच्या, देवळात दर्शनाला जायचंय. आपण हिंदू, तर तिथे पूजा केलेली चालते का, आणि जाताना काय न्यायचं, असं तुम्ही विचारलंय. मी इथे बरीच वर्षं आहे आणि नववर्षात त्या देवळात आवर्जून जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चालतं, आणि अगदी मोकळेपणाने चालतं. दारात तुमचा धर्म कोणी विचारत नाही. त्याच रस्त्यावर, काही पावलांवर, श्रीकृष्णन मंदिर आहे. 1870 मध्ये वडाच्या झाडाखाली सुरू झालेलं. क्वान इमचं देऊळ 1884 चं, आत्ताची इमारत 1982 मध्ये पुरी झाली. क्वान इमचं दर्शन घेऊन निघालेली चिनी माणसं कृष्णाच्या दारातही उदबत्ती लावतात, हात जोडतात आणि मग पुढे जातात. हे कोणी ठरवून घडवलेलं नाही, शेजारधर्मातून आलेलं आहे. तेव्हा सासूबाईंनी तिथे डोकं टेकवलं तर कोणालाही वावगं वाटणार नाही.

आता दिवसाचं. 2027 मध्ये नववर्षाचा पहिला दिवस 6 फेब्रुवारी, शनिवार. आदल्या रात्री, म्हणजे 5 तारखेला, देऊळ रात्रभर उघडं असतं आणि बाराच्या ठोक्याला पहिली उदबत्ती आपली लागावी म्हणून लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात. श्रद्धेचं ते रूप बघण्यासारखं असतं, पण सासूबाईंना त्या रात्री नेऊ नका, असं मी स्पष्टच सांगते. प्रत्येकाच्या हातात पेटत्या उदबत्त्या, धुराने डोळे चुरचुरतात, बसायला जागा नाही, आणि एकदा रांगेत शिरलात की मधून बाहेर पडणं अवघड. दम्याचा किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर विचारच नको. 6, 7 आणि सोमवारची 8, तिन्ही सुट्टीचे दिवस, तेव्हाही गर्दी असते. सण पंधरा दिवस चालतो आणि या पंधरा दिवसांत केव्हाही केलेलं दर्शन नववर्षाचंच दर्शन. गुरुवारी 11 तारखेला सकाळी लवकर जा. शेवटचा, पंधरावा दिवस 20 तारखेला येतो, तेव्हा पुन्हा गर्दी. होक्कियन, म्हणजे मूळच्या चीनच्या फुजियान प्रांतातल्या, लोकांसाठी नववा दिवस सगळ्यात मोठा. आठव्याची रात्र सरताना ते स्वर्गाधिपती जेड सम्राटाची पूजा करतात, दारात पूजेच्या टेबलाला उभे ऊस बांधतात. म्हणजे 13 तारखेच्या रात्री तुमच्या इमारतीखाली धूप आणि ऊस दिसले तर ते हेच. बाजूने जा, थांबून फोटो काढत बसू नका.

पूजा कशी करायची ते शेजारच्या होक्कियन आंटींनी मला शिकवलं. चपला साधारणपणे काढायच्या नसतात, आपल्याला सुरुवातीला फार चुकल्यासारखं वाटतं. जिथे गुडघे टेकायला गालिचा असेल तिथे आधी बाकीचे काय करतात ते बघा आणि तसंच करा. दारात उंच उंबरठा असतो, त्यावर पाय न ठेवता ओलांडून जायचं. जिथे तीन दारं असतात तिथे मधलं देवाचं. आपण उजवीकडच्या दाराने आत जायचं आणि डावीकडच्याने बाहेर यायचं. उदबत्त्या तीन घ्यायच्या. ज्योत तोंडाने फुंकून विझवायची नाही, हाताने वारा घालायचा. दोन्ही हातांत धरून कपाळापर्यंत न्यायच्या आणि आधी देवळाबाहेर आकाशाकडे तोंड करून नमस्कार करायचा. आकाश पहिलं, मग देवी, हा क्रम लक्षात ठेवा. मग देवीकडे वळून मनातल्या मनात आपलं नाव, कुठे राहतो, आणि काय मागायचंय ते सांगायचं. मराठीत सांगितलं तरी चालतं. शेवटी उदबत्त्या समोरच्या मोठ्या धूपपात्रात डाव्या हाताने रोवायच्या. गर्दीच्या दिवसांत त्या अर्धवट जळलेल्या असतानाच सेवेकरी उपसून काढतात, सासूबाईंना ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर मनाला लागेल. जागा करावीच लागते, आणि नमस्कार तर पोचलेला असतो.

न्यायला फुलं आणि फळं पुरे. रस्त्यावरच फुलवाले बसतात, त्यांच्याकडे कमळाच्या कळ्या मिळतात. नववर्षात छोटी संत्री जोडीने वाहतात, एक कधी नाही, चारही नाही. क्वान इमला सगळं शाकाहारी लागतं. नारळ फोडायचा नाही, हळदकुंकू वाहायचं नाही, मूर्तीला हात लावायचा नाही. दक्षिणा पेटीत टाकायची. कपडे लाल, केशरी, काहीही उजळ. नखशिखांत काळं किंवा पांढरं या दिवसांत टाळतात. सुतक त्यांच्याकडेही पाळतात, घरात नुकतंच कोणी गेलेलं असेल तर नववर्षाच्या भेटीगाठींना जात नाहीत. तुमच्याकडे तसं काही असेल तर देवळाची भेट पुढे ढकललेली बरी.

आत फोटो काढायला मनाई आहे. हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय, कारण या बाबतीत आपलीच माणसं चुकताना मी पाहिलीत. समोर गुडघ्यांवर बसलेली बाई आजारी मुलासाठी काही मागत असते आणि तिच्या चेहऱ्यासमोर कोणीतरी मोबाईल धरतं. कृपा करून तसं होऊ देऊ नका.

तिथे लाकडी काड्यांचा डबा खुळखुळवणारे लोक दिसतील. आकडे घातलेल्या शंभर काड्या असतात. मनात प्रश्न धरून डबा हलवत राहायचा, एक काडी बाहेर पडते. मग चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे टाकून हीच काडी का, ते देवीला विचारायचं. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे पडले तर नकार. दोन्ही उताणे म्हणजे देवी हसली, प्रश्न पुन्हा नीट विचारा. कोकणात देवाला कौल लावतात ना, अगदी तसंच. होकार आला की त्या आकड्याची चिठ्ठी घ्यायची, इंग्रजीतही मिळते. माझं मत विचाराल तर खरोखरच काही विचारायचं असेल तरच हे करा. नववर्षात काही देवळांत तायसुई, म्हणजे त्या वर्षाच्या अधिपतीची पूजाही नाव नोंदवून करतात. ज्यांच्या राशीला वर्ष जड आहे अशांसाठी ती असते, तुम्हाला तिची गरज नाही.

एक गोष्ट मात्र सासूबाईंना जरूर सांगा. ही क्वान इम म्हणजे आपला अवलोकितेश्वर, बौद्धांचा करुणेचा बोधिसत्त्व. भारतातून बौद्ध धर्माबरोबर चीनला गेला आणि तिथे काही शतकांत करुणामयी देवीच्या रूपात पुजला जाऊ लागला. बोरिवलीच्या कान्हेरीला 41 व्या लेण्यात त्याची अकरा मुखांची मूर्ती आहे. कान्हेरीच्या 90 व्या आणि औरंगाबादच्या 7 व्या लेण्यात तो भक्तांना आठ संकटांतून सोडवतोय असे शिल्पपट आहेत. आग, साप, हत्ती, चोर आणि त्यातच एक बुडणारं जहाज. आपल्या किनाऱ्यावरून व्यापाराला निघणाऱ्यांना समुद्राची जी धास्ती होती, तीच पुढे चीनहून जहाजाने इथे येणाऱ्यांना होती. तेलोक आयेर स्ट्रीटवरचं थियान हॉक केंग 1842 मध्ये बांधून पुरं झालं तेव्हा समुद्र जवळजवळ दारापर्यंत होता. तिथली मुख्य देवी माझू, दर्यावर्दींची रक्षणकर्ती, आणि तिच्या मागच्या दालनात पुन्हा क्वान इम. सासूबाईंना चालवत असेल तर दुसऱ्या दिवशी तिथेही न्या. वॉटर्लू स्ट्रीटच्या मानाने निवांत असतं, आणि छतावरचं कोरीवकाम बघत त्यांना शांतपणे बसता येईल.

जाण्यासाठी बुगिस स्टेशनवर उतरा, बेंकूलनही जवळ पडतं. दर्शन झालं की कृष्णाला नमस्कार करून मिडल रोडवरच्या फॉर्च्यून सेंटरमध्ये जेवा, तिथे शाकाहारी खाणावळी बऱ्याच आहेत. नववर्षाच्या पहिल्या दोन-चार दिवसांत त्यातल्या काही बंद असतात, 11 तारीख सुचवण्याचं तेही एक कारण. बौद्ध शाकाहारात कांदा-लसूण सहसा नसतो, पण अंडं असू शकतं. सासूबाईंना चालत नसेल तर ऑर्डर देतानाच विचारून घ्या.