नवरा जहाजावर, मुलाला घेऊन एकटीच कॅनडाला: संमतीपत्र लागतं का?

अगं, तू विचारलंयस की मिस्टर जहाजावर आहेत, ७ वर्षांच्या लेकाला घेऊन मे महिन्यात एकटीच बहिणीकडे टोरांटोला जायचंय, तर त्यांचं पत्र लागेल का. घेच. माझे मिस्टरही बोटीवरच असतात आणि मी लेकीला घेऊन दोनदा जाऊन आलेय म्हणून सविस्तर लिहिते.

मुंबईहून निघताना मला कोणी काही विचारलं नाही. विचारतात ते तिकडे उतरल्यावर. एकाच पालकाबरोबर मूल येत असेल तर मुलाचा पासपोर्ट, जन्मदाखल्याची कॉपी, दुसऱ्या पालकाच्या सहीचं पत्र, शक्यतो इंग्रजीत, त्यात त्याचा पत्ता आणि फोन, आणि त्याच्या पासपोर्टची कॉपी, एवढं जवळ ठेवा असं कॅनडा स्वतःच सांगतं. आईवडलांच्या भांडणात एकजण मूल घेऊन दुसऱ्या देशात निघून जातो असं खरंच होतं गं, त्यासाठी १९८० चा हेग करार आहे पण भारत त्यात नाही, मग असं नेलेलं मूल परत मिळवताना मागे राहिलेल्या पालकाचे फार हाल होतात. तेव्हा ऑफिसरने प्रश्न विचारले तर राग मानू नकोस, तो पोराच्याच काळजीने विचारतो.

आता माझं काय चुकलं ते ऐक. पहिल्या वेळी पत्रात मिस्टरांचा फक्त इथला मोबाइल होता. ऑफिसर म्हणाला, वडलांशी बोलू द्या, आणि जहाज भर समुद्रात, फोन बंद. पेंगुळलेल्या लेकीला मांडीवर घेऊन पाऊण तास बाजूला बसले होते, रडूच यायचं बाकी होतं. दुसऱ्या वेळी पत्रात त्यांचा जहाजावरचा ईमेल, जहाजाचं नाव, कंपनीच्या ऑफिसचा नंबर आणि सासऱ्यांचा नंबर असं सगळं घातलं, शिवाय सीडीसी, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांचं सरकारी ओळख-नोंदपुस्तक, आणि कॉन्ट्रॅक्टची कॉपी जोडली, पाच मिनिटांत सुटलो.

मिस्टर मे महिन्याच्या आधी साइन ऑफ होणार असतील तर घरी आल्या आल्या नोटरी करून घे, नसतील तर आमच्यांनी केलं तसं कर, जहाजावरच सही करून कॅप्टनची सही आणि जहाजाचा शिक्का घेतला आणि स्कॅन मेल केला, माझं तेवढ्यावर भागलं. जायच्या-यायच्या तारखा, तिघांचे पासपोर्ट नंबर, बहिणीचा पत्ता हे पत्रात हवंच. तुझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर मॅरेज सर्टिफिकेटही ठेव. आणि लेकाला आधीच सांगून ठेव, काका विचारतील ही कोण, कुठे चाललायस, बाबा कुठेत, तर तूच उत्तर दे म्हणून. माझ्या लेकीने "बाबा शिपवर" असं ठणकावून सांगितलं होतं.

जन्मदाखला मात्र आजच काढून बघ. आपल्याकडे बारशाच्या आधीच जन्माची नोंद होते आणि बऱ्याच जणांच्या दाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोराच राहतो. जन्मनोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत नाव चढवता येतं, वॉर्ड ऑफिसात जाऊन अर्ज दे, पण त्याला वेळ जातो, आणि व्हिजाच्या फाइललाही तोच दाखला लावायचाय.