प्रोलॉगचा प्रोजेक्ट करू द्यावा का?

लातूरहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. वर्गातले बहुतेक जण चॅटबॉट करताहेत आणि ही 'प्रोलॉग' नावाच्या जुन्या भाषेत प्रोजेक्ट करायचं म्हणून हटून बसली आहे. वर्ष वाया जाईल का, असं ते विचारतात.

नमस्कार.

तुमची धास्ती अगदीच निराधार नाही. कॅम्पसला आलेल्या कंपन्या प्रोलॉगबद्दल क्वचितच विचारतात. निव्वळ त्या भाषेच्या भरवशावर राहू नका.

पण ती नुसती जुनी नाही, वेगळी आहे. 1972 च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्सेयला आलँ कोल्मेरोअर आणि फिलिप रुसेल यांनी ती घडवली. त्यामागच्या तर्कशास्त्राची बैठक रॉबर्ट कोवाल्स्की यांची. इतर भाषांत संगणकाला 'आधी हे कर, मग ते' असं सांगावं लागतं. इथे फक्त माहिती आणि नियम द्यायचे. शांता सुनीताची आई, सुनीता मीराची आई. आईची आई म्हणजे आजी. आता 'मीराची आजी कोण?' विचारा किंवा उलट 'शांताची नात कोण?' विचारा, तोच नियम दोन्हीकडून चालतो. (ओळीच्या शेवटचा पूर्णविराम राहिला तर मात्र संगणक ढिम्म बसून राहतो. पहिल्या प्रॅक्टिकलला निम्मा वर्ग तिथेच अडकतो.)

1982 मध्ये जपान सरकारने 'पाचव्या पिढीचा संगणक' बनवायला घेतला तो याच तर्काच्या पायावर. दहा वर्षांनी तो प्रकल्प संपला, पण तोवर बाजारातले साधे, स्वस्त संगणकच त्यांच्या खास यंत्रांच्या पुढे गेले होते. शिवाय जगातला प्रत्येक नियम हाताने लिहून काढणं कुणाच्या आवाक्यात असणार? पुढे डेटावरून शिकणारी यंत्रं आली आणि सगळे तिकडे वळले.

आता त्या यंत्रांचीही दुखरी नस कळली आहे: ती ठणकावून चुकीचं सांगतात. म्हणून तर्क परत येतो आहे, पण जोडीदार म्हणून. भूमितीची गणितं सोडवणाऱ्या, गूगल डीपमाइंडच्या 2024 च्या अल्फाजिओमेट्रीत भाषेचं मॉडेल (चॅटबॉटच्या मागे असतं तसलं यंत्र) आकृतीत नवी रेषा, नवा बिंदू सुचवतं आणि तर्काचं इंजिन सिद्धता मांडतं. ऑलिम्पियाडच्या भूमितीच्या 30 पैकी 25 गणितं त्याने सोडवली. ते प्रोलॉग नव्हे, पण घराणं तेच.

तेव्हा प्रोजेक्ट करू द्या, फक्त विषय नीट निवडायला सांगा. 1986 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी ब्रिटनचा नागरिकत्व कायदा प्रोलॉगमध्ये उतरवला होता. तिने आपल्या विद्यापीठाचे एटीकेटीचे नियम घ्यावेत. विद्यार्थ्याचा मराठीतला प्रश्न समजून घ्यायला भाषेचं मॉडेल, पुढच्या वर्षात प्रवेश मिळेल की नाही हे ठरवायला प्रोलॉग, आणि उत्तरासोबत कुठल्या कलमामुळे ते आलं तेही दिसलं पाहिजे. दोन्ही जोडायला पायथॉन ही भाषा लागेलच, म्हणजे मुलाखतीत विचारतात तेही हाताखालून जाईल.

पहिला महिना निव्वळ नियमपुस्तिका वाचण्यात जाईल. तेव्हा 'काही झालं का?' म्हणून रोज विचारू नका.