डी. बी. कूपरचं लोकांना अजूनही इतकं वेड का? तो तर शेवटी विमान पळवणारा चोरच ना?

चोर होताच, त्यात वाद नाही. आणि अपहरण म्हटलं की आपल्याला १९९९ चं कंदाहार आठवतं, त्यामुळे अपहरणकर्त्याच्या नावानं कुणी मेळावा भरवतं हे ऐकून चमत्कारिक वाटणं साहजिक आहे. १९७१ च्याच जानेवारीत आपलं ‘गंगा’ विमान लाहोरला नेऊन पुढे जाळलं गेलं, त्याची कुणी जत्रा भरवत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या एरिअल गावात मात्र कूपरच्या नावानं वर्षानुवर्षं लोक जमायचे. एक कारण उघड आहे, ते म्हणजे कुणाचा जीव गेला नाही. ३६ प्रवासी सुखरूप उतरले. त्यांना किरकोळ तांत्रिक बिघाडामुळे उशीर होतोय एवढंच सांगितलं होतं.

पण माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. या प्रकरणातला प्रत्येक पुरावा दोन्ही बाजूंनी बोलतो.

थोडक्यात घटना अशी. २४ नोव्हेंबर १९७१, पोर्टलंडहून सिॲटलला निघालेलं नॉर्थवेस्ट ओरिएंटचं बोइंग ७२७. सूट-टाय घातलेल्या एका माणसानं रोख पैसे मोजून ‘डॅन कूपर’ नावानं तिकीट काढलं. (‘डी. बी.’ ही नंतर बातमीदारांच्या गोंधळातून चिकटलेली अक्षरं.) विमान सुटल्यावर त्यानं हवाईसुंदरीला एक चिठ्ठी दिली. असेल फोन नंबर, असं समजून तिनं ती न वाचताच ठेवून दिली. तेव्हा त्यानंच हळू आवाजात सांगितलं, बाई, ती वाचून घ्या, माझ्याकडे बॉम्ब आहे. मागणी होती २ लाख डॉलर आणि चार पॅराशूट. सिॲटलला पैसे हातात पडल्यावर त्यानं प्रवासी सोडले, इंधन भरून घेतलं आणि मेक्सिकोच्या दिशेनं विमान पुन्हा उडवायला लावलं.

इथून पुढे डोकं चक्रावतं. बोइंग ७२७ ला शेपटीखाली जिना असतो आणि तो उडत्या विमानातही उघडता यायचा. हे त्याला ठाऊक होतं. उंची १०,००० फुटांच्या आत, चाकं खाली, पंखांमागचे फ्लॅप (वेग कमी ठेवणाऱ्या पट्ट्या) १५ अंशांवर, केबिनमध्ये हवेचा दाब नको, अशा त्याच्या सूचना. म्हणजे गडी जाणकार. मग तोच माणूस चारांतल्या दोन राखीव पॅराशूटांपैकी (मुख्य उघडलं नाही तर वापरायच्या) चांगलं उघडून त्याच्या दोऱ्या कापतो, पैशांची पिशवी बांधायला. आणि मुख्य पॅराशूटच्या जोडीला सोबत नेतो ते दुसरं राखीव, जे प्रशिक्षणासाठी शिवून बंद केलेलं, म्हणजे न उघडणारं होतं! पावसाळी काळोखात, साध्या बुटांवर, खालचं काही दिसत नसताना उडी. आता याला जाणकार म्हणायचं की अडाणी?

विमान नेवाडा राज्यातल्या रीनोला उतरलं तेव्हा मागे राहिले होते टाय, दोन पॅराशूट आणि सिगारेटची थोटकं. ती थोटकं पुढे एफबीआयकडूनच हरवली, यावर काय बोलणार.

१९८० मध्ये कोलंबिया नदीकाठी, टीना बार नावाच्या वाळूच्या पट्ट्यात एका आठ वर्षांच्या मुलाला ५,८०० डॉलर सापडले. नोटा कडेनं झिजलेल्या, पण रबरबँड शाबूत. क्रमांक जुळले, कारण देण्याआधी सगळ्या नोटांची मायक्रोफिल्म (छोट्या फिल्मवरची छायाचित्रं) काढून ठेवली होती. प्रश्न सुटायला हवा होता, तो जास्तच गुंतला. कूपर जिथे उतरला असावा असं मानत होते, तिथलं पाणी लुईस नदीतून येतं आणि लुईस कोलंबियाला मिळते ती टीना बारच्या खालच्या अंगाला. पैसे प्रवाहाविरुद्ध वर कसे आले? मग तिथपासून लोक वारा, विमानाचा वेग आणि मार्ग सगळं नव्यानं मोजत बसलेत. २०२० मध्ये तर नोटांवरची सूक्ष्म शेवाळं तपासून असं मांडलं गेलं की त्या नोव्हेंबरात नव्हे, वसंत-उन्हाळ्याच्या सुमारास पाण्यात पडल्या असाव्यात. तेव्हा मधले महिने पैसे होते कुठे?

म्हणजे या नादात निम्मी माणसं कूपरच्या नव्हे, गणिताच्या प्रेमात आहेत. बाकीच्यांना ‘तो म्हणजे आमचे काकाच’ असं सिद्ध करायचं असतं. त्या दाव्यांचा मला कंटाळा येतो. पहिल्या पाच वर्षांतच एफबीआयनं ८०० हून अधिक संशयित तपासले होते. २०१६ मध्ये त्यांनी सक्रिय तपास थांबवला.

तो वाचला का? मला नाही वाटत. उरलेल्या नोटांपैकी एकही कधी बाजारात आली नाही, आणि पैसे खर्च न करणारा चोर मला पटत नाही. पण पैज लावणार नाही. १९७२ च्या एप्रिलमध्ये रिचर्ड मकॉय यानं हीच युक्ती वापरून ५ लाख डॉलर घेतले, युटामध्ये रात्री उडी मारली आणि धडधाकट जमिनीवर उतरला. पकडला गेला तो काही दिवसांनी, पैशांसकट.