‘डाउनमुळेच असेल’वर थांबू नका
ताई, डाउन सिंड्रोम (जन्मतः एक जादा गुणसूत्र) असलेली लेक अलीकडे सुस्तावली असेल, तर ते डाउनच्या खात्यावर टाकू नका. नवे पालक बहुतेकदा इथेच फसतात. कारण वेगळं आणि बरं होण्यासारखं असू शकतं.

आधी एवढंच बघा:
- थायरॉईड आणि सीलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्यांना होणारा आजार) रक्ततपासणी. झाली नसेल तर स्वतःहून विचारा.
- झोप. घोरते का, बसून किंवा मान मागे टाकून झोपते का? मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. तोंडी सांगण्यापेक्षा लवकर पटतं. घोरत नसली तरी ४ वर्षांपर्यंत स्लीप स्टडी (रात्रभर झोपेतला श्वास मोजणारी तपासणी) व्हायला हवी.
- कान. नीट ऐकू येतं का, तपासून घ्या.

दुर्मिळ आजार शोधत रात्री जागवू नका. मात्र चाल बदलली, मान वाकडी धरली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. मानेच्या मणक्यांचं दुखणं असू शकतं.